कामाचं स्वरूप

चार महिने, बारा तासांची रात्र,
गणवेशाचे आठशे वजा.
"एकसष्ट-बासष्ट हजाराच्या आसपास," मी म्हणालो.
"आसपास चालत नाही," सुरवाडेबाई म्हणाल्या,
"आकडा टाका. अक्षरीही लिहा."

अक्षरी लिहायला घेतलं तेव्हा कळलं
एकसष्ट हजार दोनशे केवढे लांब असतात.
रकान्यात मावेनात.
शेवटचं 'मात्र' समासात गेलं.

नेमणूकपत्र? नाही.
पगाराची चिठ्ठी? नाही.
ओळखपत्र होतं, ते जमा करून घेतलं
शिट्टी, काठी आणि टोपीबरोबर.
टोपी मी धुऊन दिली होती.

"सोसायटीचा चेक आला की देतो,"
पारकरसाहेब दर दहा तारखेला म्हणायचे.
मेहुणा म्हणाला, बिनपगारी फुल अधिकारी.
हसलो. आधी तो, मग मी.

आज कामगार भवनात पारकरसाहेब आले नाहीत.
त्यांचा वकीलही नाही.
वकिलाचा एक पोरगा आला, नवा पट्टा, नवे बूट,
आणि त्यानं वाचलं:
'सदर इसम त्रिनेत्र सिक्युरिटीकडे
कधीही कामास नव्हता.'

सदर इसम.
मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय.

अकरा महिने मुलुंडच्या त्या फाटकावर
कोण आलं, कोण गेलं, मी लिहिलं.
दूध, ५.१०.
बी-५०४ ची अँब्युलन्स, आत २.४०,
बाहेर ३.२५, सायरन बंद.
एक पोरगा, नाव विचारलं तर म्हणाला, 'पिझ्झा लिहा.'
सबनीसांची मुलगी अकरानंतर कधीच आली नाही,
कारण मी १०.५५ लिहायचो.
सगळ्यांची नावं.
वॉचमनचं कुठल्या रकान्यात घालायचं
ते कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

"रजिस्टर कुणाच्या अक्षरात?"
बाईंनी फायलीतून मान वर न काढता विचारलं.
माझ्या.
त्यांनी माझ्या अर्जातल्या 'रात्रपाळी'वर बोट ठेवलं.
"असा ळ हल्ली कुणी काढत नाही."

आर्वीच्या शाळेत खोडे मास्तर म्हणायचे,
ळ ला दोन पोटं. दोन्ही सारखी भरा.

त्या रात्री गेलो. फाटकावर इंद्रासन,
त्याचाही दुसरा महिना कोरडा.
"पहले एंट्री, काका."
खुर्ची तीच. आखूड पायाखाली
मी सरकवलेला टाइलचा तुकडा तसाच.
पेन सुतळीला बांधलेलं, गाठही माझीच.

नाव: गोवर्धन हुमणे.
कुठून: गोवंडी.
कोणाकडे:
इथे जरा वेळ गेला. रेघ मारली.
कामाचं स्वरूप: पगार.
आत: ९.२०.

त्यानं टॉर्च धरला, मी मोबाइल.
एकशे एकोणीस पानं माझ्या हातची.
एका रात्री मला ताप होता,
तिथे दुसऱ्याचं अक्षर आहे. त्याचाही फोटो काढला,
उगाच कुणी म्हणायला नको.

मध्येच हॉर्न वाजला.
मी उठलो, फाटक उघडलं, बाजूला झालो.
सबनीसांनी काच खाली केली नाही.
इंद्रासन माझ्याकडे बघत राहिला.
"१०.५२," मी म्हणालो. "लिही."

निघताना गल्लीच्या टोकापर्यंत त्याची हाक आली,
काका, बाहेरची वेळ राहिली.
मी हात हलवला.
राहू दे तशीच.

पुढची तारीख सतरा.
प्रती दोन संचांत, दोन रुपये पान,
म्हणजे चारशे ऐंशी,
आणि ते नवं पान धरलं तर
आणखी चार.