माया

खराडीत नवव्या मजल्यावर आमच्या एका खोलीचं नाव तोरणा आहे.
शेजारची राजगड. जेवतो तो पुरंदर.
तोरण्यात काल दुपारी तीन वाजता
नागनाथ बिराजदार बसला होता,
मुक्काम पोस्ट हाळी, तालुका उदगीर,
कोडिंगच्या तीन फेऱ्या सर करून आलेला.
आता एवढंच बघायचं होतं
की तो आमच्यासारखा आहे का.

हे काम माझ्याकडे असतं. मी छान बोलते म्हणे.

शर्विलने नेहमीचा प्रश्न टाकला:
समज, तुझ्यासोबत विमानतळावर सहा तास अडकलो,
तर मला कंटाळा येईल?

नागनाथने तो गणितासारखा ऐकला.
म्हणाला, विमानतळ अजून बघितला नाही सर,
पण वाकडेवाडीच्या स्टँडवर अडकलोय, अख्खी रात्र.
उदगीर गाडी आलीच नाही.
बॅगेत रूमवरचा एक्स्टेन्शन बोर्ड होता,
तो चौकशीच्या खिडकीतून आत लावला.
अकरा जणांचे मोबाईल चार्ज झाले.
एका मावशींना लेकीचा फोन लागत नव्हता,
तो पहाटे लागला.
मग जरा थांबून,
तुम्हाला कंटाळा आला असता का, ते नाही सांगता येत.

बरं, शनिवार-रविवारी काय करतोस?
कपडे धुतो सर.
आणि?
आणि वाळवतो.

हा विनोद होता की नव्हता
ते आम्हा तिघांनाही ठरवता येईना,
आणि आमच्याकडे विनोद लगेच कळावा लागतो.

मी टेबलाखाली बघत होते.
त्याच्या पँटला, बुटाच्या वर दोन बोटं,
एक विटकी आडवी रेघ.
जुनी दुमड उसवून लांबी सोडलेली,
रेघेखालचं कापड अजून गडद, नवं.

दापोडीत माझ्या वडिलांचं दुकान होतं, न्यू फॅशन टेलर्स.
शाळेच्या गणवेशात ते आतून दीड इंच कापड जास्त ठेवत.
शिंपी त्याला माया म्हणतात.
गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे,
पोरगं आज आहे एवढंच राहणार आहे का, ताई?

त्या खुर्चीत मीही बसलेय, सात वर्षांपूर्वी, बाणेरला.
ट्रेकिंग आवडतं म्हणाले,
तेव्हा पर्वतीसुद्धा चढले नव्हते.
(नंतर बूट घेतले, चढले,
आणि आवडायला लागलं, हेही खरंच आहे.)
वडील काय करतात विचारलं
तर म्हणाले, गारमेंट्समध्ये आहेत.

फॉर्मवर शेवटचा रकाना कल्चर फिटचा.
हो, नाही, काठावर.
शर्विलने नाही केलं.
एचआरची मृण्मयी म्हणाली, गोड आहे गं मुलगा, पण नाही.
मी काठावर केलं.
काठावर म्हणजे नाहीच,
फक्त रात्री झोप लागावी म्हणून वेगळा चौकोन.

लिफ्टपर्यंत सोडायला गेले.
व्हिजिटर कार्ड त्याने आधीच गळ्यातून काढलेलं,
दोरी नीट गुंडाळून हातात धरलेली.
मॅडम, इथनं वाकडेवाडीला कुठली बस?
मला आठवेना.
कॅब करून देऊ का, म्हटलं.
नको, विचारतो की खाली.

रात्री कंपनीची हूडी धुवायला टाकताना उलटी केली.
वडिलांची सवय, आधी आतून बघायचं.
शिवणीलगत कापड कातरून टाकलेलं,
वर ओव्हरलॉकचा दोरा.
सोडायला सुतभरसुद्धा शिल्लक नाही.

बसते मात्र अगदी मापात.
सात वर्षं झाली, बसते.