वारस नोंद

नेरूळच्या लॅबमधला पोरगा विचारतो,
“घरात कुणाला शुगर?”
फॉर्मवर त्यासाठी दीड इंच रेघ.

मी सांगायला लागतो:
बाबा, हिराजी पांडू म्हात्रे, मुक्काम करावे.
उजव्या पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग बाबा.
आत्या तीन, त्यातल्या दोघींना.
मोठा भाऊ गोळ्यांवर.
पोरगा म्हणतो, “काका, नुसतं हो लिहा.”

जमिनीला किती कागद लागले होते!
सातबारा, फेरफार, वारसांच्या सह्या,
बेलापूरच्या हापिसात अकरा खेपा,
आणि शेवटी आमची नावं खोडलीच.
हे मात्र बिनतक्रार नावावर झालं,
एकाही तलाठ्याला चहा न पाजता.

आजा मिठागरात मीठ ओढायचा.
पहाटे भाकरी आणि सुका जवळा, दुपारी पेज,
पावसाळ्यात ती पेजही पातळ.
त्या पातळ महिन्यांसाठी म्हणे त्याचं शरीर
घासातला घास मागे टाकायला शिकलं.
डॉक्टरीण म्हणते, असेलही, नक्की कोण सांगणार?
ती काटकसर माझ्यात उतरली.
मीठ ओढणं नाही उतरलं.

माझं काय,
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर इमारत,
तळाला ऑफिस, फिरती खुर्ची, भाड्याचे करार,
दर पार्टीमागे एक कटिंग, गोडच.
हंगामात आठवड्याला चार हळदी,
मटणाची पंगत रात्री साडेअकराला.
आणि गाडी. पानाच्या टपरीवर जायलाही गाडी.

उपाशीपोटी एकशे अठरा.
तीन महिन्यांची सरासरी सहा पूर्णांक दोन.
“उंबरठ्यावर आहात,” डॉक्टरीण म्हणते.
उंबरठा तरी माझ्या नावावर आहे का,
विचारायचं राहून गेलं.

धाकटी पदीआत्या, चौऱ्याहत्तर वर्षांची,
ओहोटीला अजून खाडीत उतरते निवट्यांसाठी.
तिची शुगर माझ्या मुलीपेक्षा बरी.
“मना टाइम कवा गावला रं आजारी परायला?”
ऐकायला बरं वाटतं.
पण थोरलीसुद्धा तशीच राबायची,
तिचे डोळे गेले.

मुलगी दहावीत. वहीत आमचं झाड काढते:
पुरुष चौकोन, बायका गोल,
शुगरवाले काळे.
माझा चौकोन अर्धा रंगवून थांबते.
“पप्पा, उरलेला काय करू?”
तिचा स्वतःचा गोल
तिने कोपऱ्यात अगदी छोटा काढलाय.

मी बूट शोधतो. जिन्याखाली सापडतात,
लेबलसकट.

पहिल्या दिवशी जिथवर पोचलो
तिथे आज्याच्या मिठागराचा बांध होता म्हणतात.
आता सेक्टरचा नंबर आहे आणि एक बाकडं.
दम लागला. बसलो.
घाम ओठांपर्यंत उतरला, खारट.
तेवढ्यात पदीआत्या डोक्यावर टोपली घेऊन मागून आली,
“काय रं?” म्हणाली,
आणि पुढे निघूनही गेली.