तिसऱ्यांदाही पांढरा

मार्चअखेर. टेबलावर बेचाळीस फायली,
पंखा फिरला की एकमेकींची पानं उघडून बघणाऱ्या.
विभागप्रमुख जाता जाता म्हणाले,
जाडी बघून गुण टाका हो, कोण वाचतं.

मी वाचते.

रुकैया सैफीची फाईल रुखवतात मांडावी अशी.
समासाला सोनेरी रेघ, आलेखांना तीन रंग,
जुलैपासून आजतागायत एक खोडाखोड नाही.
पानोपानी माझाच शेरा: सुरेख.

भूरसिंग डावरची सुतळीने बांधलेली.
चौथ्या पानावर पोह्यांचं तेल, जीरावणाचे कण.
हिंदीत लिहितो तो; मी मनात मराठी करत जाते, सवयीने.

जुलै. कृष्णपुरा पुलाखालचं पाणी. काळं आहे. वास येतो.
खाली लाल शाई: नीट लिहा.
ऑगस्ट. वास सडक्या अंड्याचा, सकाळी कमी, दुपारी डोकं दुखेल इतका.
लाल शाई: नीट.
नोव्हेंबर. थेंब जास्त पडला, निळा रंग एकदम गेला.
नमुना संपला. पुन्हा पुलाखाली उतरलो.
इथे मी काहीच लिहिलेलं नाही. बहुधा सुट्टीवर होते.

अकरा जानेवारी.
गाळ तपकिरी व्हायला हवा होता, पांढराच राहिला.
म्हणजे प्राणवायू शून्य. माझंच चुकलं असणार.
दुसऱ्यांदा केलं. पांढरा.
तिसऱ्यांदा रुकैयाला करायला लावलं, तिचा हात स्थिर आहे.
पांढरा.
मग लिहून टाकलं.

मी परत सोनेरी समासाकडे जाते.
अकरा जानेवारीला तिच्या आलेखावर ठिपका नाही.
रेघ मात्र कुठेही तुटलेली नाही,
दहावरून बारावर अलगद गेली आहे,
नदीवरून पूल जावा तशी.
आणि शेजारी मी. सुरेख.

मूल्यमापनाच्या तक्त्यात रकाने आहेत:
मांडणी पाच, अचूकता दहा, आत्मपरीक्षण पाच.
सुतळीचे किती कापायचे?
तीनदा पुलाखाली उतरण्याचे किती,
हे कुठे लिहायचं, ते छापलेलं नाही.

शेवटच्या पानावर त्याचं आत्मपरीक्षण, दीड ओळ:
मॅडम, नीट म्हणजे कसं,
ते एकदा दाखवाल का.

लाल पेनाला टोपण लावते.
शिपायाबरोबर रुकैयाला चिठ्ठी पाठवली आहे:
उद्या ये. कच्ची वही घेऊन ये.
फेकली म्हणालीस तरी चालेल,
पण असेल ती. दप्तराच्या तळाशी असतेच.