गणपूर्ती

सभेचं रजिस्टर माझ्याकडे असतं,
नागपूरचं एम.ए. अर्धं टाकून परत आले तेव्हापासून.
तिथे तत्त्वज्ञानाचे एक सर होते, तासिका तत्त्वावर.
फळ्याला टेकून शिकवायचे, पाठ खडूने पांढरी व्हायची.
म्हणायचे, एका जर्मन म्हाताऱ्याने जन्मभर एवढंच सांगितलं:
नियमाची झळ ज्याला ज्याला बसणार
त्या प्रत्येकाला, कोणी डोळे वटारलेले नसताना,
'बरं' म्हणता आलं पाहिजे.
तरच तो नियम.

मी लिहून घेतलं, खाली दोनदा रेघ ओढली.
मग विचारलं, सर, ज्याला ज्याला म्हणजे कोणाला?
यादी कोण करतो?
पुढच्या तासाला सांगतो, म्हणाले.
त्या तासाआधीच त्यांचं कंत्राट संपलं.

प्राणहितेच्या काठी आमचं गाव.
भाषा तीन: माडिया, तेलुगू, मराठी.
गप्प बसायची भाषा मात्र सगळ्यांची एकच,
तीसुद्धा मी बरी लिहिते आता:
"सभेत शांतता."

विषय क्रमांक तीन, रेतीघाट.
शाळेसमोरचं टिनाचं शेड, एक सोलर दिवा,
त्याच्याभोवती पाखरं.
ठेकेदाराचा माणूस आत येत नाही,
बाहेर गाडीवर बसतो, हेडलाइट आमच्याकडे करून.
उजेडात ज्याचं तोंड येतं
तो वाक्य आवरतं घेतो.

पोचू तलांडी म्हणाला, पैशातून शाळेला कुंपण होईल,
डुकरं येणार नाहीत.
खरंच होईल. मी लिहिलं.
मल्लेशने विचारलं, किती ट्रक, किती खोल, किती महिने.
उत्तर मिळालं नाही. तेही लिहिलं.
हात वर व्हायला लागले, मी मोजत होते,
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस,

आणि बुचक्का उठली.
कमरेला जाळ्याचा दोरा, विणायचं सोडून आलेली.
तेलुगूत बोलली. मराठीत आणताना थोडं सांडलंच माझ्याकडून:
"आपल्या डोहात मासोळी अंडी घालते,
पकडतात तिकडचे.
तिकडच्यांना विचारलं का कोणी?"

हसले लोक. मागून आवाज आला,
"अवो, ते दुसरं राज्य हाये. त्यायले कायले विचारा लागते?"
"माझी लेक त्याच राज्यात दिली," ती म्हणाली.
"तिच्या दारात जाऊन काय सांगू?
कोणता हात वर केला होता, ते?"

छापील रजिस्टरात रकाने ठरलेले:
उपस्थित. गैरहजर. सही किंवा अंगठा.
जे येऊ शकत नाहीत त्यांचा रकाना नाही,
ज्यांना बोलावलंच नाही त्यांचा कुठून असणार.
पेन हातात, आणि मला एकदम
सरांची पांढरी पाठ आठवली.

विषय तीन तहकूब.
कारण: पलीकडचे यायचे आहेत.
बाहेर गाडी चालू झाली,
उजेड शाळेच्या भिंतीवरून घसरत गेला.

गुरुवारी डोंग्यातून चौघे आले, गुडघ्यापर्यंत ओले.
त्यांच्यातला लिंगय्या खाली बघतच बोलला:
आमच्या बाजूचा घाट आम्ही मार्चातच दिला.
तुम्हाला विचारायचं असतं
हे डोक्यातच आलं नाही.

बराच वेळ कोणी काही म्हणालं नाही.
बुचक्काने पाण्याचा गुंड त्यांच्यापुढे सरकवला.
मग पोचू, तोच कुंपणवाला पोचू,
माडियात काहीतरी पुटपुटला.
मी त्याचं तेलुगू केलं:
"आणि खालच्या अंगाच्या गावांना?"

आता चौघांपैकी दोघे बोटांवर मोजतायत,
नदी पुढे कोणाकोणाच्या दारावरून जाते.
एका गावाच्या नावावरून त्यांचंच भांडण लागलंय.
मी नवं पान उघडलंय.
वर तारीख घातली.
गणपूर्तीसमोरची जागा
कोरी ठेवलीये.