क्रमांक १८४६

बाइंडरने नावाचं पान आत कुठेतरी शिवून टाकलंय,
म्हणून मला ही कादंबरी आकड्यानेच माहीत.
जयगड जेटीच्या तिकीटखिडकीत
एक फेरी जाऊन दुसरी येईपर्यंत
नऊ पानं होतात.
मोटारसायकली जास्त असल्या की सहा.

पहिली शंभर पानं मला नाही आवडली.
वसुमती फार वेळ खिडकीत उभी राहते.
खिडकीत मीही असते, दिवसाचे नऊ तास.
इथून काही सुचत नाही,
सुट्टे आहेत का, एवढंच विचारता येतं.

शिवाय पान एकशे साठ:
पौर्णिमा, मध्यरात्र, आणि म्हणे ओहोटीने
मैलभर उघडी पडलेली वाळू.
पौर्णिमेला, मध्यरात्री!
अहो बाई, त्या वेळी पाणी आमच्या रॅम्पच्या
वरच्या कडीला लागलेलं असतं.
तुमची वसुमती गळ्यापर्यंत बुडाली असती
आणि पुढची दीडशे पानं वाचली असती.

दोन दिवस पुस्तक गल्ल्याखाली पडून राहिलं.

मग पान दोनशे एकतीस.
नवऱ्याच्या तेराव्यानंतरचा बाजार.
मुडदुशांच्या वाट्यासाठी ती घासाघीस करते,
वीस रुपये कमी होतात,
आणि घरी पोचेपर्यंत तिला बरं वाटत असतं.
बस. एवढंच लिहिलंय.
रडणं नाही, समुद्र नाही.
पुढच्या ओळीत ती खवले काढायला बसते.

बाबांना रत्नागिरीहून आणलं त्या दिवशी
या खिडकीत बदलीचा पोरगा होता.
शववाहिकेतून उतरून मी आत हात घातला
आणि तिकीट स्वतः फाडलं,
लहान गाडीच्या दराचं.
पोरगा काही बोलला नाही.
मधल्या खाडीत, बाबा मागे असताना,
मी मनात फरक मोजत होते.
हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
या बाईला कुणी सांगितलं?

त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलीने लिहिलंय,
'खरं आहे'.
ख असा, की र आणि व वेगळे पडलेत: रवरं आहे.
हा ख मी रोज बघते,
डिझेलच्या वहीत, 'रवर्च' म्हणून.

याकूब होडेकर, इंजिनवाला.
अकरा वर्षांत माझ्याशी बोललेलं सगळं
एका तिकिटाच्या पाठीवर मावेल.
बायको गेली त्या आठवड्यात
त्याने एक फेरी चुकवली नव्हती.
दगड आहे, असं आम्ही म्हणालो होतो.
आम्ही म्हणजे, मीसुद्धा.

संध्याकाळी वही घेऊन सहीला आला.
पुस्तक टेबलावर होतं, आकडा वर.
त्याने पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.
पलीकडे तवसाळला एकेक दिवा लागत होता.

"ओहोटी चुकलीय तिची," मी म्हणाले.

"चुकलीय," तो म्हणाला,
आणि कानामागची पेन्सिल काढून
लिटर लिहू लागला.