पंचकल्याणी

पहाटे साडेतीनला अकलूजच्या बाजारात
हॅलोजनखाली घोडी उभी आहे,
अंगावर आमच्याच सोलापूरची चादर,
कडेला मोर, कोपऱ्यात जळकं भोक.
कारखान्याच्या मळीचा वास येतो नीरेकडून.
तिला तो आवडत नसावा, सारखी फुरफुरते.

मी टोमॅटोच्या क्रेटवर चढते.
ओच्यात कांड्या, वीस नंबरचं काळं सूत,
माग भंगारात गेला त्या दिवशी उचललेलं.
वाटीत खळ. ताण्याला लावायचो तीच, जरा पातळ.
आयाळ तिनंच बसते. पाण्यानं बसत नाही,
तेलानं तर निसटते.
हे मला कुणी शिकवलं नाही.

मालक याकूब मुलाणी, बार्शीचा,
कानावर बिडी ठेवून सांगतो,
"अकरा वेण्या. सम नको.
आणि राजव्वा, इथं..."
इकडंतिकडं बघून मानेवरचे केस उचलतो,
"इथं भोवरा आहे. खोटा.
गिऱ्हाइकानं बघितला तर माझा बाजार उठलाच.
एक वेणी जाड घे. शंभर वर देतो."

बघितला. रुपयाएवढा.
केस एकमेकांभोवती फिरून मधेच थांबलेले,
मोरीच्या तोंडाशी पाणी घुटमळतं तसे.
"एवढंच?"
"एवढंच. पण धन्याला खातो म्हणतात."
"तुम्हाला खाल्लं का?"
तो हसत नाही. बिडी पेटवतो.

खाली बघते तर चारी पाय पांढरे,
खुरापासून वीतभर, आणि कपाळावर टिळा.
पंचकल्याणी. दारात बांधली की घर वर येतं,
किंमत दीडपट.

मी पाच्छा पेठेत लग्न होऊन आले
आणि तिसऱ्या महिन्यात कारखान्याला टाळं लागलं.
सासू सगळं तेलुगूत बोलायची,
एवढं एकच मराठीत, शेजारणींना कळावं म्हणून:
पांढऱ्या पायाची.
माझे पाय तर तेव्हा निळे असायचे,
घोट्यापर्यंत, रंगखात्यातले.

असो. पहिली वेणी कानामागून.
तीन पेड, दुसऱ्या फेऱ्याला दोरा आत,
शेवटी विणकरी गाठ.
दुसरी. तिसरी.
घोडी मान झटकते, मी तेलुगूत शिवी देते, ती ऐकते.
पाचवीला तिची कातडी थरथरते, माशी नसताना.
सातवी त्या भोवऱ्यावरून.
इथले केस ऐकत नाहीत,
सरळ ओढले तरी वळतात.
तुटलेली तार सांधताना धरायचे तसा श्वास धरला,
जाड घेतली, आडवी दाबली, टाका मारला.
झाकलं.
शंभर रुपये.

मैदानात पंचांनी दात बघितले, खूर बघितले,
रेवाल चाल बघितली.
एकाचा हात मानेवरून फिरत माझ्या गाठींवर अडला,
"कुणी गुंफलं हे?"
उत्तर ऐकायला थांबला नाही.
दुसरा नंबर आला.
दुपारी इंडीच्या माणसानं
रुमालाखाली बोटं धरून तिला घेतली.

संध्याकाळी वेण्या सोडाव्या लागतात.
रात्रभर ठेवल्या तर मान खाजते,
घोडं खांबाला घासून केस तोडून घेतं.
नव्या मालकाचा पोरगा दोरी धरून उभा,
नऊ-दहा वर्षांचा, अर्धी मराठी, अर्धी कन्नड.
मी अकरावीपासून उलटी येते.
दहावी, नववी, आठवी.
सातवी त्याची पाठ फिरली की सोडू म्हणते.
पोर पाठच फिरवत नाही.

सोडली.
दिवसभर ताणलेले केस
लगेच आपल्या जागी गोल फिरले.
पोरानं त्यात बोट घातलं.
घोडीनं डोळे अर्धे मिटले.
"इथं हिला बरं वाटतंय," तो म्हणाला
आणि खाजवत राहिला.

मी सूत परत कांडीवर गुंडाळलं.
खळीनं कडक झालेलं, सगळं वळणावळणाचं.
सरळ व्हायला वेळ लागेल.