माहिती उपलब्ध नाही

पहिल्या असाइनमेंटला मी पाय चार्ट केला:
नवी मुंबईतली घरं, नोडनिहाय.
बाबांनी मान तिरकी करून लॅपटॉपकडे पाहिलं.
भाकर बरी भाजलीय, म्हणाले,
पन यो एवढासा तुकडा कोनाच्या ताटात?
तो ‘इतर’ होता.

दुसऱ्याला नकाशा.
फाइल उतरवली, सेक्टर आपापल्या आकड्यांसकट आले
आणि फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत
शिस्तीत रंगत गेले.
बेलापूरच्या कडेला, जिथे रस्ता संपून जेट्टी लागते,
एक तुकडा राखाडी राहिला.
मी त्यावर माउस नेला.
माहिती उपलब्ध नाही.

त्या तुकड्यात बसूनच मी नकाशा करत होते.
शेजारी आई चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत होती.

वर्गात धारप मॅडम म्हणाल्या,
राखाडी छान निवडलास, लक्ष वेधत नाही.
मी थँक्यू म्हटलं.

घरी आले तेव्हा ओहोटी होती.
जेट्टीवर उभी राहून खाडीतले राखाडी मोजत बसले:
निवटी घसरत गेली त्याची ओली रेघ,
उलट्या होडीच्या पोटाखालची सावली,
तिवरांच्या मुळांवर वाळलेला थर,
आणि त्या थराला भेग पडते तिथे आतला, जरा निळसर.
सतरापर्यंत पोचले, मग अंधार पडला.

तिसऱ्याचा विषय होता, स्वतःची माहिती.
कोणी झोप मोजली, कोणी कॉफी,
ऐरोलीच्या मृण्मयने आईशी झालेली भांडणं, आठवड्यागणिक.
मी पलंगाखालची पेटी ओढली.
बाबांची अकरा वर्षांची कॅलेंडरं, सुतळीने बांधलेली.
दर तारखेखाली पेन्सिल:
गोल म्हणजे जिताडा, आडवी रेघ म्हणजे बोय,
दोन दात काढले की चिंबोरी.
कोपऱ्यात भरतीची वेळ, तिथीची पाऊणपट.
चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा.
एवढं नेटकं मला अजून जमलेलं नाही.

चार रात्री आकडे भरले.
जिथे खूण नव्हती तिथे शून्य टाकलं.
रेषा दर दोन-तीन दिवसांनी तळाला जाऊन आपटायची.

यो खड्डा कसला?
शून्य आहे, बाबा.
शून्य कुठंय? त्यांनी पान जवळ घेतलं.
गेलू, जाळं टाकलं, काय नाय गावलं, तं टिंब.
हे बघ टिंब.
नाय गेलू तं कोरं.
कोऱ्याला शून्य कशाला म्हनतेस?

मला ती टिंबं माशांनी बसून केलेली घाण वाटली होती.

मग एकेक शून्य पुसत गेले. सहाशे बारा.
प्रत्येक कोऱ्याशी थांबून विचारलं.
ही दामाजीची हळद.
हे चार दिवस पाण्यावर तेल होतं.
ही तुझी बारावी, वाशीला सेंटर.
आणि हा अख्खा ऑगस्ट?
बाबांनी पान उलटलं.
मीही पुढचा महिना भरायला घेतला.

सबमिशनच्या आदल्या रात्री
दुसऱ्या असाइनमेंटची फाइल पुन्हा उघडली.
तिचे मार्क कधीच लागले होते, कोणी बघणार नव्हतं.
सूचीत राखाडी चौकोनापुढचं खोडून लिहिलं:
मोजायला कोणी आलं नाही.
सेव्ह केलं.

तिसऱ्याला बी प्लस मिळाला.
मॅडम म्हणाल्या, उभा अक्ष नीट कळत नाही,
पण पांढरी जागा सोडली आहेस ते आवडलं.
मोठी प्रिंट काढली, दीडशे रुपये पडले,
बाबांनी ती मीटरच्या बाजूला खिळ्याला लावली,
जराशी वाकडी.

सोमवारी पाहिलं.
जिथे माझी शेवटची तारीख संपते,
उजवीकडे, फक्त दिसायला बरं म्हणून सोडलेल्या पट्ट्यात
पेन्सिल:
टिंब, टिंब,
मग बोटभर कोरं,
मग एक गोल.